परभणीचे आकाश आणि रुंद काच

नक्षत्रे आकाराने प्रचंड असतात, आणि त्यांच्या छायाचित्रणाचा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो. पूर्ण चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा अडवतो. मृगातल्या काक्षी ताऱ्यापासून राजन्य ताऱ्यापर्यंत मोजले तर साडेअठरा अंश भरतात. सप्तर्षी पंचवीस अंशांहून जास्त पसरलेले आहेत. कृत्तिकांपासून व्याधापर्यंत, मध्ये रोहिणी आणि मृग धरून, आकाशाचा जवळजवळ साठ अंशांचा तुकडा लागतो. दुर्बीण जितकी मोठी तितके तिला दिसणारे आकाश लहान. वेधशाळेतल्या मोठ्या दुर्बिणीत चंद्रसुद्धा पुरता मावत नाही, तिथे मृगाची काय कथा! म्हणून ताऱ्यांचे छायाचित्रण मोठ्या दुर्बिणींनी वाढवले असले, तरी नक्षत्रांचे छायाचित्रण वाढले ते लहान, आखूड आणि रुंद नजरेच्या भिंगांवर.

परभणी जिल्ह्यापुरता हा इतिहास लिहायचा तर तो जिल्ह्याच्या हद्दीत मावत नाही. त्याची सुरुवात पाथरीत होते, मधला भाग हैदराबादेत घडतो, एक महत्त्वाचा प्रसंग वऱ्हाडातल्या रेल्वे स्टेशनाजवळ होतो आणि शेवटी तो पुन्हा परभणीच्या काळ्या रानात येतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे पुण्यामुंबईच्या वेधशाळांपेक्षा हैदराबादची वेधशाळा हीच परभणीकरांची सरकारी वेधशाळा होती.

कॅमेरा येण्याच्या साडेतीनशे वर्षे आधी या जिल्ह्यात तारे आकड्यांनी टिपले जात होते. गोदाकाठच्या पार्थपुरात, म्हणजे आजच्या पाथरीत, ज्ञानराज नावाचा ज्योतिषी राहत असे. त्याने १५०३ च्या सुमारास, शके १४२५ मध्ये, ‘सिद्धान्तसुन्दर’ हा ग्रंथ रचला. त्याचा मुलगा सूर्यदास हाही गणिती. त्याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ मध्ये आणि लीलावतीवर १५४१ मध्ये टीका लिहिल्या. (याच सूर्यदासाच्या नावावर ‘रामकृष्णविलोमकाव्य’ आहे. त्यातले श्लोक सरळ वाचले की रामकथा आणि उलट वाचले की कृष्णकथा निघते. पाथरीच्या या घरात डोक्याला विश्रांती नसावी.) शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथात या घराण्याची दखल घेतली आहे.

सिद्धान्तग्रंथांची नक्षत्रे नोंदण्याची पद्धत काटकसरीची होती. प्रत्येक नक्षत्रातला एक ठळक तारा ‘योगतारा’ म्हणून निवडायचा, आणि तो कुठे आहे हे दोन आकड्यांत सांगायचे: ध्रुवक आणि शर. ध्रुवकावरून क्रांतिवृत्तावरची, म्हणजे सूर्याच्या वार्षिक वाटेवरची, जागा कळते, शरावरून तो तारा क्रांतिवृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला किती हे कळते. ग्रह कोणत्या ताऱ्याजवळून केव्हा जाणार हे काढायला एवढे पुरे. पण आकडा योगताऱ्याचा असतो, नक्षत्राच्या आकृतीचा नाही. अनुराधेत तारे किती, ते कसे मांडलेले, हे शिष्याला गुरूने रात्री अंगणात बोट दाखवूनच सांगायचे. चित्राची उणीव त्या पद्धतीत पहिल्यापासून होती आणि कोणाला ती जाणवत नव्हती, कारण आकाश डोक्यावर होतेच.

छायाचित्रणाची वाट मात्र एकेका ताऱ्यापासूनच सुरू झाली. १८५० च्या जुलैमध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत विल्यम बाँड आणि छायाचित्रकार जॉन व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचा डॅगेरोटाइप घेतला. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचे ते पहिले छायाचित्र. पुढे १८५७ मध्ये त्याच वेधशाळेत जॉर्ज बाँडने ओल्या कलोडियनच्या काचेवर एक जोडी टिपली. मराठी घरातल्या लग्नात वधूवरांना जी दाखवतात तीच ही जोडी, वसिष्ठ आणि अरुंधती. दोघांमधले अंतर अंशाच्या पाचव्या भागाएवढे, त्यामुळे दुर्बिणीच्या अरुंद नजरेत ती सहज बसली. पण ज्या सप्तर्षींत ते दोघे राहतात ते सप्तर्षी त्या काचेवर येणे शक्यच नव्हते.

ओली काच वाळायच्या आत काम उरकावे लागे. १८७० नंतरच्या दशकात जिलेटिनची कोरडी काच आली आणि तासभर उघडी ठेवता येऊ लागली. १८८२ चा मोठा धूमकेतू दक्षिण आफ्रिकेत केपटाउनहून फार छान दिसत होता. तिथल्या वेधशाळेचा प्रमुख डेव्हिड गिल याने एका स्थानिक छायाचित्रकाराचा साधा कॅमेरा दुर्बिणीला बांधला आणि दुर्बीण धूमकेतूमागे फिरवत ठेवली. धूमकेतू उत्तम आलाच, पण मागे तारेच तारे उमटले होते. माणसांचे फोटो काढायच्या भिंगाने आकाशाची यादी करता येते हे गिलच्या लक्षात आले. त्यातून १८८७ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि साऱ्या आकाशाचा छायाचित्र-नकाशा करण्याची आंतरराष्ट्रीय योजना ठरली. तिचे नाव ‘कार्त द्यु सिएल’.

या योजनेने निवडलेले उपकरण मात्र गिलच्या कॅमेऱ्याच्या अगदी उलट होते. फोकल लांबी सुमारे ३.४ मीटर, आणि काचेवर एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला, अंशाचा साठावा भाग. मोजमापाला सोयीचे म्हणून हे प्रमाण ठरले. परिणाम असा की एका काचेवर दोन अंश लांब आणि दोन अंश रुंद एवढेच आकाश येई. मृगाच्या पोटातला बाण, म्हणजे खेड्यापाड्यात ज्याला तिकांडे म्हणतात ते तीन तारे, टोकापासून टोकापर्यंत पावणेतीन अंशांचे आहेत. ‘कार्त द्यु सिएल’च्या एका काचेवर तिकांडेसुद्धा पुरते मावले नसते.

या योजनेत परभणीचे संस्थान उतरले ते एका हौशी सरदारामुळे. हैदराबादच्या नवाब जफर जंग यांनी इंग्लंडमध्ये ग्रब कंपनीची १५ इंची भिंगाची दुर्बीण घेतली आणि १९०१ मध्ये फिसलबंडा येथे आपली वेधशाळा थाटली. तिला निजामाचे नाव दिले: निजामिया. १९०७ मध्ये नवाब वारले आणि पुढल्या वर्षी निजाम सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली. आर्थर चॅटवुड हे इंग्रज प्रमुख म्हणून आले, वेधशाळा बेगमपेटला गेली, आणि ८ इंची कुक ॲस्ट्रोग्राफ, म्हणजे खास तारे टिपण्याची दुर्बीण, कामाला लागली. योजनेत आकाशाचे पट्टे पाडून ते वेगवेगळ्या वेधशाळांना वाटून दिले होते. त्यांपैकी चिलीच्या सान्तियागो वेधशाळेने अंगावर घेतलेला पट्टा तडीस गेला नव्हता. उणे १७ ते उणे २३ अंश क्रांतीचा, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचा, तो पट्टा हैदराबादकडे आला. चॅटवुडनंतर १९१४ मध्ये रॉबर्ट पोकॉक आले आणि १९१८ मध्ये पोकॉक यांच्या मृत्यूनंतर टी. पी. भास्करन यांनी सूत्रे घेतली. १९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाला जोडली गेली. पुढे जर्मनीतल्या पॉट्सडॅमकडून राहिलेला उत्तरेकडचा, अधिक ३६ ते अधिक ३९ अंशांचा, पट्टाही हैदराबादनेच उचलला.

काम कसे चालत असेल याची कल्पना त्या काचा पाहिल्या की येते. तारे टिपण्यापूर्वी प्रत्येक काचेवर पाच मिलिमीटर अंतराच्या बारीक रेघांची जाळी उमटवत. मग आकाशातल्या ठरलेल्या बिंदूवर दुर्बीण रोखायची, आणि त्याच काचेवर लांब, मध्यम आणि अगदी थोडका असे एकापाठोपाठ एक एक्स्पोजर द्यायचे. दर वेळी दुर्बीण किंचित सरकवायची. त्यामुळे ठळक ताऱ्याचे तीन ठिपके जवळजवळ येत आणि धुळीचा कण कोणता, तारा कोणता हे लगेच ओळखू येई. काच धुऊन वाळवली की मोजणाऱ्यांची पाळी. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवून जाळीच्या चौकटीत एकेक ठिपका कुठे आहे हे वाचायचे, वहीत उतरवायचे, नंतर काच उलटी फिरवून पुन्हा मोजायचे. दिवसाच्या उजेडात चालणारे हे काम रात्रीच्या कामापेक्षा कितीतरी जास्त होते. हैदराबादचे तारकासूचीचे खंड १९१७ पासून छापले जाऊ लागले आणि ते काम जवळजवळ तीस वर्षे चालले.

हैदराबादच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात नक्षत्रांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. वृश्चिकाचे डोके, म्हणजे अनुराधेचे वरचे दोन ठळक तारे, हैदराबादच्या वाट्याला आले. लाल ज्येष्ठा उणे २६ अंशांवर असल्याने अर्जेंटिनातल्या कोर्दोबा वेधशाळेकडे गेली. हस्त नक्षत्राची खालची दोन बोटे हैदराबादच्या पट्ट्यात सापडली, वरच्यांपैकी एक मेक्सिकोच्या हद्दीत. शेतकरी ज्या हस्ताच्या पावसाची वाट पाहतो ते नक्षत्र दोन खंडांतल्या दोन वेधशाळांनी वाटून घेतले होते. सूचीसाठी हा तोटा नव्हे, ताऱ्यांच्या जागा आणि पुढे त्यांच्या गती काढायला याच काचा शंभर वर्षे उपयोगी पडल्या. पण साऱ्या जगात मिळून सुमारे २२,००० काचा जमल्या आणि त्यांतल्या एकीवरही मृग म्हणून ओळखता येईल असा मृग नव्हता.

रुंद भिंगाची बाजू याच काळात दुसऱ्या मंडळींनी सांभाळली. एडवर्ड बार्नार्ड याने लिक वेधशाळेत १८८९ पासून आकाशगंगेचे जे फोटो घेतले, ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका स्टुडिओत माणसांची छबी काढण्यासाठी वापरलेल्या सहा इंची भिंगातून. व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झ्वालने १८४० मध्ये छबीसाठी बनवलेल्या भिंगाच्याच कुळातले ते भिंग होते: समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला फार वेळ ताठ बसावे लागू नये म्हणून भरपूर उजेड आत घेणारे. गिऱ्हाइकासाठी केलेली ही सोय ताऱ्यांना जास्तच लागू पडली. १९०३ मध्ये हार्वर्डने फक्त एक इंच व्यासाच्या भिंगांनी साऱ्या आकाशाचा नकाशा ५५ काचांवर उतरवला. इंग्लंडचा हौशी ज्योतिषी जॉन फ्रँकलिन-ॲडम्स याने हेच काम २०६ काचांत केले. ५५ काचा आणि २२,००० काचा, हे दोन आकडे शेजारी ठेवले की दोन परंपरांतला फरक कळतो. निजामाच्या राज्यात छबीची भिंगे नव्हती असे नाही. राजा दीनदयाळ निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते आणि सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ जोरात चालत होता. वेधशाळा आणि स्टुडिओ एकाच शहरात असून दोघांचे काम वेगवेगळ्या रस्त्यांनी गेले, एवढेच.

अशा रुंद भिंगाचा एक प्रसंग परभणीच्या अगदी जवळ घडला. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण कोकणात विजयदुर्गाच्या किनाऱ्यावरून देशात शिरले आणि ईशान्येकडे बक्सरच्या बाजूने निघून गेले. विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकियर यांची छावणी होती. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आपली उपकरणे घेऊन आले, तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांचाही तळ होता. वऱ्हाडात धामणगावजवळच्या तळणीला वॉल्टर आणि ॲनी माँडर हे इंग्रज दांपत्य उतरले. जेऊर आणि तळणी यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती सेलू आणि जिंतूर यांच्या भागातून जाते. तरी मोठ्या तुकड्या तिकडे फिरकल्या नाहीत, आणि कारण साधे होते. जेऊर आणि तळणी ही दोन्ही जी.आय.पी. रेल्वेची स्टेशने. मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग पुरा व्हायला अजून दोनेक वर्षे होती, आणि मणामणाच्या पेट्या बैलगाडीवर घालून काचेची भिंगे पाथरी-मानवतच्या वाटेने न्यायला कोण धजावणार!

ॲनी माँडर यांच्याजवळ तळणीत एक छोटासा कॅमेरा होता: दीड इंची डाल्मायर भिंग, आखूड आणि रुंद. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजने दिलेल्या अनुदानातून आकाशगंगेचे फोटो काढण्यासाठी तो घेतला होता. ग्रहणात बाकीचे लोक लांब दुर्बिणींनी सूर्याजवळचे प्रभामंडल टिपत असताना या रुंद भिंगाने सूर्यापासून दूरवर गेलेला प्रभेचा झोत पकडला. तोवर टिपला गेलेला तो सर्वांत लांब झोत. लांब दुर्बिणींना तो दिसला नाही असे म्हणण्यापेक्षा त्यांच्या चौकटीबाहेर राहिला असे म्हणणे योग्य. नक्षत्रांना लागणारी काच सूर्यालाही कामी आली, ती अशी.

नायगमवालांची पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची २० इंची ग्रब दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्या वेधशाळेचे काम मुख्यतः वर्णपटांचे होते. हैदराबादची वेधशाळा चालू राहिली. तिथे नोकरीला असलेल्या सहायकाचा मुलगा वेणू बाप्पू याच वातावरणात वाढला, आणि १९४९ मध्ये हार्वर्डमध्ये शिकत असताना रुंद क्षेत्राच्या श्मिट दुर्बिणीने घेतलेल्या काचेवर त्याला नवा धूमकेतू सापडला. बाप्पू-बॉक-न्यूकर्क हे त्याचे नाव. श्मिट दुर्बीण ही बर्नहार्ड श्मिटने १९३० मध्ये काढलेली युक्ती. मोठा आरसा आणि रुंद नजर यांचे एकमेकांशी जमत नव्हते, ते तिने जमवून दिले. तरीही ती वेधशाळेची गोष्ट होती. सामान्य माणसाच्या हाती नक्षत्र आले ते ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याने.

महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षकांची संघटना जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ ची. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला आणि त्याच सुमारास मुंबईचे खगोल मंडळ, कल्याणचे आकाश मित्र मंडळ अशी मंडळे उभी राहिली. १९९६ चा हयाकुताके आणि १९९७ चा हेल-बॉप हे दोन धूमकेतू तर साध्या कॅमेऱ्यात येण्याइतके ठळक होते. या काळात गावोगावच्या फोटो स्टुडिओत रशियन झेनिट, जपानी याशिका असे कॅमेरे असत. त्यांच्या शटरवर ‘बी’ ही खूण असे, आणि केबल दाबून स्क्रू आवळला की शटर हवे तितका वेळ उघडे राही. बरोबर येणारे भिंग ५० किंवा ५८ मिलिमीटरचे. त्यात ३५ च्या फिल्मवर चाळीस अंशांपर्यंत आकाश येते, म्हणजे मृग एकटा किंवा सप्तर्षी एकटे. रोहिणी आणि व्याध यांच्यासकट मृग हवा तर २४ किंवा २८ चे वाइड-अँगल भिंग वेगळे घ्यावे लागे. २४ च्या भिंगात लांब बाजूने ७४ अंश येतात आणि कृत्तिकांपासून व्याधापर्यंत सगळे एका चौकटीत बसतात. रोहिणीमागे धावणारा मृग, त्याला व्याधाने मारलेला बाण, ही गोष्ट एका फोटोत सांगायची तर एवढी रुंदी हवीच.

फिल्मच्या काळातली खरी परीक्षा रानात नव्हे, कलर लॅबमध्ये होई. छापणारे यंत्र सगळ्या चौकटीची सरासरी काढून काळे आकाश राखाडी करून टाकी. निगेटिव्हवर दोन फोटोंमधली सीमा दिसेना की कापणारा मृगाच्या मधोमध कात्री चालवी. कधी तर रोल कोरा आहे म्हणून परत येई. जाणते लोक रोलचा पहिला फोटो घरातल्या कोणाचा तरी काढत, म्हणजे चौकट कुठून सुरू होते ते यंत्राला आणि माणसाला कळे.

कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवला तर किती सेकंद उघडा ठेवावा, याचे ठोकताळ्याचे गणित छायाचित्रकारांनी बसवले: ५०० ला फोकल लांबीने भागायचे. २४ च्या भिंगाला साधारण वीस सेकंद, ५० ला दहा. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे याहून जास्त वेळ ठेवले की तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. हा नियम फिल्मच्या दाण्याला धरून आहे. आजच्या बारीक सेन्सरला तो सैल पडतो आणि वेळ निम्म्यावर आणावी लागते. मुद्दाम तासभर शटर उघडे ठेवले तर वेगळाच धडा मिळतो. रुंद भिंग पूर्वेकडे रोखले की उत्तरेचे तारे ध्रुवाभोवती वाकतात, दक्षिणेचे उलट्या दिशेने वाकतात आणि मधल्या मृगाच्या रेघा सरळ उमटतात, कारण मृग खगोलीय विषुववृत्तावर आहे. अरुंद भिंगात हे कधी दिसत नाही.

परभणीचे अक्षांश सुमारे १९ अंश १६ कला, आणि इथल्या फोटोंची ठेवण त्यावर ठरते. ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर असतो. वाइड-अँगलमध्ये जमीन, झाड आणि ध्रुव सहज एकत्र येतात. युरोपात त्यासाठी मान फार वर करावी लागते. दक्षिणेला अगस्त्य १८ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे ध्रुवाइतकाच. दोघांना एका फोटोत घ्यायचे तर फिशआय भिंगच लागेल. त्रिशंकूचा वरचा तारा चौदा अंशांच्या आसपास आणि तळाचा जेमतेम साडेसात अंशांवर येतो. एप्रिलअखेर रात्री साडेदहाच्या सुमारास तो दक्षिणेला उभा असतो. त्याच्यासाठी गंगाखेडच्या दक्षिणेचे बालाघाटाचे डोंगर आडवे येतात, मानवत-पाथरीकडची सपाट जमीन बरी.

ऋतूंचीही एक गंमत आहे. शेतकऱ्याची नक्षत्रे सूर्याची असतात. ७-८ जूनला मृग निघतो म्हणजे सूर्य मृगात जातो, आणि तेव्हा मृगाचे तारे दिवसा उजेडी सूर्यासोबत असतात. पेरणीच्या ज्या नक्षत्रावर सगळ्यांचे डोळे, ते त्या दिवसांत दिसतच नाही. पुढे ऑक्टोबरपर्यंत ढग. मृगाचा फोटो घ्यायचा तो डिसेंबर-जानेवारीत, रब्बीची ज्वारी उभी असताना, आणि तेव्हा पहाटेच्या दवाने भिंगावर धुके चढते. उन्हाळ्यात दव नसते पण वखरणीची धूळ असते, वृश्चिक त्या धुळीतून तांबूस उगवतो.

तारे रेघा न होता जास्त वेळ टिपायचे तर कॅमेरा आकाशाबरोबर फिरवावा लागतो. यासाठी महागडे यंत्र नको, अशी एक सोपी जुळणी १९७५ पासून हौशी लोकांत रूढ झाली. दोन लाकडी फळ्या एका बाजूने बिजागरीने जोडायच्या, दुसऱ्या बाजूला खालच्या फळीतून वरचीला ढकलणारा स्क्रू बसवायचा. स्क्रूचे आटे एक मिलिमीटरचे असतील, तर बिजागरीपासून तो २२८.५ मिलिमीटर अंतरावर ठेवायचा आणि मिनिटाला एक फेरा द्यायचा. तेवढ्याने वरची फळी आकाशाच्या गतीने उघडत जाते. बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला हवा, म्हणून परभणीत खालची पाचर १९ अंशांची करायची. सुतार हे काम अर्ध्या दिवसात करून देतो. रुंद भिंगाला बारीक चुका दिसत नाहीत, त्यामुळे हाताने स्क्रू फिरवूनही दहा मिनिटांचा स्वच्छ फोटो मिळतो. लांब भिंगाला हीच जुळणी कुचकामी ठरते.

२००३ च्या सुमारास परवडणारे डिजिटल एस.एल.आर. आले, आणि २०१९ पासून काही मोबाइल फोनही अनेक एक्स्पोजर एकावर एक जोडून आकाशगंगा दाखवू लागले. त्याबरोबर एक जुनीच अडचण नव्याने आली. सेन्सर इतके तारे टिपतो की त्यांच्या गर्दीत नक्षत्र हरवते. ठळक आणि फिके दोन्ही तारे सारखेच ठिपके दिसतात. यावर जपानच्या अकिरा फुजी यांनी भिंगापुढे मऊ धुरकट फिल्टर धरून उपाय केला. ठळक ताऱ्यांभोवती रंगीत वलय पसरते, फिके तसेच राहतात आणि डोळ्यांना दिसते तशी आकृती परत येते. काक्षी तांबडा, राजन्य निळसर, हेही त्याच वेळी कळते. नक्षत्राच्या फोटोतले कसब बहुधा याच एका गोष्टीत आहे: सेन्सरला दिसलेले सगळेच न दाखवण्यात.

शहराच्या दिव्यांनी आता फिके तारे मोबाइललाही दिसेनासे होतात. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. परभणीत तसे राखीव आकाश नाही. जिंतूरच्या उत्तरेचे, येलदरीकडचे डोंगराळ पट्टे त्या मानाने अजून काळोखे आहेत.

जुन्या परभणी जिल्ह्यात आकाशाचे एक नवे काम मात्र उभे राहत आहे. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेची जागा आहे. केंद्र सरकारने तिला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. या वेधशाळेत भिंग नाही, चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांत लेझर आहे. पण अशा लहरी आकाशाच्या नेमक्या कुठल्या बिंदूतून आल्या हे तिला सांगता येत नाही, एक मोठा तुकडा सांगता येतो. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांपासून दूर असलेले औंढ्याचे यंत्र जोडले की तो तुकडा लहान होतो, तरी तो दोन अंशांच्या काचेत बसण्याइतका लहान बहुतेक वेळा नसतो. म्हणून इशारा मिळाला की जगभरच्या रुंद क्षेत्राच्या कॅमेऱ्यांना आधी जाग येते. पालोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीवर बसवलेला झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटीचा कॅमेरा एका फोटोत ४७ चौरस अंश आकाश टिपतो, हैदराबादच्या एका काचेवर चार चौरस अंश येत असत.